सीटी स्कॅन, एक्स-रे आणि डोळे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोक्याचा सीटी सांगितला की घरातलं कुणीतरी विचारतंच, "डोळ्यांना काही होणार नाही ना?" प्रश्न रास्त आहे. त्याला मिळणारं उत्तर मात्र बहुतेक वेळा "काही होत नाही" एवढंच असतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. आधी साधे, मग अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कोणत्या तपासणीत डोळ्यांवर रेडिएशन पडतं?

एक्स-रे, सीटी, दातांसाठीचा कोन-बीम सीटी आणि अँजिओग्राफी या सगळ्यांत क्ष-किरण वापरतात. पेट स्कॅन आणि बोन स्कॅनमध्ये किरणोत्सारी औषध शिरेतून देतात आणि ते शरीरभर फिरतं. त्यात डोळ्यांना वेगळा असा मोठा वाटा मिळत नाही. मात्र पेटसोबत सीटीही होतो आणि त्यात डोकं धरलं असेल तर तेवढा डोस मिळतो. एमआरआय, सोनोग्राफी, डोळ्याच्या पडद्याचा फोटो आणि ओसीटी (पडद्याच्या थरांचं प्रकाशाने काढलेलं चित्र) यांत असं रेडिएशन मुळीच नसतं.

क्ष-किरणांच्या तपासणीत पाहायचं ते इतकंच, की किरणांचा झोत थेट डोळ्यांवर येतो का. गुडघ्याचा किंवा मणक्याच्या खालच्या भागाचा एक्स-रे असेल तर डोळ्यांचा विचार करायची गरजच नाही. डोकं, कपाळ, सायनस, कानाचं हाड, जबडा, मेंदूच्या रक्तवाहिन्या यांपैकी काही असेल तर पुढची उत्तरं तुमच्या कामाची आहेत.

२. रेडिएशनमुळे डोळ्याचं नेमकं काय बिघडतं? दृष्टी जाते का?

तपासण्यांच्या डोसमध्ये काळजी एकाच भागाची असते, डोळ्यातल्या भिंगाची. डोळ्याचा पडदा आणि दृष्टीची नस बऱ्यापैकी चिवट असतात. त्यांना इजा व्हायला लागतात ते डोस कॅन्सरच्या किरणोपचारात दिले जातात, स्कॅनमध्ये नाही.

भिंग नाजूक का, याचं कारण त्याच्या रचनेत आहे. भिंगाच्या पुढच्या पृष्ठभागावर पेशींचा एक पातळ थर असतो. त्याच्या कडेच्या पट्ट्यात आयुष्यभर नव्या पेशी तयार होतात आणि त्यांचे पारदर्शक तंतू बनत राहतात. रेडिएशनने बिघडलेली पेशी नीट तंतू बनवू शकत नाही आणि सरकत भिंगाच्या मागच्या बाजूला जाऊन साठते. भिंगाला रक्तपुरवठा नसतो आणि ते चारी बाजूंनी आवरणात बंद असतं, त्यामुळे असा कचरा बाहेर पडायला वाट नाही. मागच्या आवरणाला लागून ढगाळपणा येतो, तो रेडिएशनचा मोतीबिंदू. वयाने होणारा मोतीबिंदू बहुधा भिंगाच्या गाभ्यात किंवा कडेला सुरू होतो, हा मागून.

हे व्हायला सहसा वर्षं जातात. डोस जितका मोठा, तितका काळ कमी.

३. किती रेडिएशन झालं की मोतीबिंदू होतो?

या आकड्याचा इतिहास माहीत असलेला बरा, कारण इंटरनेटवर जुने आणि नवे आकडे एकत्र फिरतात. अणुबॉम्बमधून वाचलेल्यांमध्ये आणि सायक्लोट्रॉनवर, म्हणजे अणूतल्या कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर, काम करणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये असे मोतीबिंदू १९४०च्या दशकाअखेरीस नोंदले गेले. त्यानंतर कित्येक दशकं समज असा होता की काही ग्रे (शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांचं माप) डोस झाल्याशिवाय नजरेवर परिणाम होत नाही. पुढे अणुबॉम्बग्रस्तांचा दीर्घकाळ मागोवा घेतला गेला, चेर्नोबिलच्या सफाई कामगारांची तपासणी झाली, तसे परिणाम बऱ्याच कमी डोसलाही दिसू लागले. एप्रिल २०११मध्ये आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने भिंगासाठीचा उंबरठा ०.५ ग्रे, म्हणजे ५०० मिलिग्रेवर आणला. त्याच वेळी रेडिएशनमध्ये काम करणाऱ्यांसाठीची भिंगाची मर्यादा वर्षाला १५० मिलिसिव्हर्टवरून (क्ष-किरणांसाठी हे माप मिलिग्रेइतकंच धरलं तरी चालतं) पाच वर्षांच्या सरासरीने २० मिलिसिव्हर्टवर उतरवली. कोणत्याही एका वर्षात ती ५०च्या वर जाता कामा नये.

इथे दोन गैरसमज होतात. पहिला : ५०० मिलिग्रे झाले की मोतीबिंदू ठरलेलाच. तसं नाही. तेवढा डोस झालेल्या शंभरांपैकी साधारण एकाला, वीसएक वर्षांनी, नजरेला अडचण करणारा मोतीबिंदू होईल, असा या आकड्याचा अर्थ आहे. दुसरा : २० मिलिसिव्हर्टची मर्यादा रुग्णालाही लागू आहे. ती कर्मचाऱ्यांसाठी आहे. रुग्णासाठी ठरीव मर्यादा नसते, कारण त्याला स्कॅनचा फायदा मिळणार असतो. तिथे निकष दोनच : तपासणी खरोखर हवी का, आणि हवी असेल तर डोस लागतो तेवढाच आहे का.

४. डोक्याच्या एका सीटीत डोळ्यांना किती डोस मिळतो?

डोळे थेट झोतात असतील तर मोठ्या माणसाच्या नेहमीच्या सीटीत भिंगाला साधारण ३० ते ६० मिलिग्रे. डोळे झोताच्या बाहेर ठेवले तर याचा छोटासा हिस्सा, तोही आतून विखुरलेल्या किरणांचा. तीच तपासणी, तेच मशीन आणि फरक एवढा. डोळ्यांच्या संरक्षणाची खरी गोष्ट या फरकातच आहे (प्रश्न ९).

५. म्हणजे दहा सीटी झाले की उंबरठा ओलांडला?

५० गुणिले १० बरोबर ५००, हा हिशोब बरेच जण करून पाठवतात. गणित बरोबर, निष्कर्ष घाईचा. दहाही वेळा डोळे पूर्ण झोतात होते, हे यात गृहीत धरलेलं असतं आणि बहुधा ते खरं नसतं. उंबरठ्याचा अर्थही काय, ते प्रश्न ३मध्ये आहे.

तरी हा हिशोब मी हसण्यावारी नेणार नाही. भिंगाचा डोस साठत जातो असंच धरून चालतात. थोडा थोडा मिळाला म्हणून तो माफ होतो, याला आज भक्कम आधार नाही. मेंदूतला रक्तस्राव, शंट (मेंदूत साठणारं पाणी काढून देणारी नळी), गाठीचं ऑपरेशन किंवा वारंवार डोक्याला मार यांमुळे ज्यांचे सीटी होतच राहतात, त्यांनी नोंद ठेवावी आणि पुढच्या वेळी "एमआरआयने भागेल का?" असं नक्की विचारावं. एखाद-दुसरा सीटी झालेल्याने या हिशोबात झोप घालवू नये.

६. स्कॅनच्या वेळी डोळे घट्ट मिटले किंवा गॉगल लावला तर?

उपयोग नाही. पापणी क्ष-किरणांचा जेमतेम टक्का-दोन टक्के भाग अडवते. गॉगल अतिनील किरणांसाठी असतो, क्ष-किरण त्यातून आरपार जातात.

मग तंत्रज्ञ "डोळे मिटा" का म्हणतात? डोकं नीट जुळवायला सीटीच्या कड्यात लेझरच्या लाल रेषा असतात. त्यांच्याकडे टक लावून पाहू नये म्हणून. रेडिएशनशी त्याचा संबंध नाही.

७. तंत्रज्ञ स्वतः काचेमागे जातात, मग मला शिशाचा चष्मा का देत नाहीत?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि बऱ्याचदा रागाने आलेला.

तंत्रज्ञ रोज अनेक स्कॅन करतो, वर्षानुवर्षं करतो, आणि एकाही स्कॅनचा त्याच्या स्वतःच्या तब्येतीला फायदा नसतो. त्याच्यापर्यंत येतात ते रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेले किरण. ते एका दिशेने आणि कमी जोराने येतात, त्यामुळे शिसं त्यांना सहज अडवतं.

सीटीत रुग्णाची गोष्ट वेगळी आहे. क्ष-किरणांची नळी डोक्याभोवती पूर्ण गोल फिरते. पुढून चष्मा लावला तरी कानाच्या बाजूने आणि मागून येणारे किरण भिंगापर्यंत पोहोचतातच. पाऊस चहूकडून येत असताना समोर छत्री धरावी, तसं ते होतं. त्यात शिशामुळे चित्रावर पांढऱ्या-काळ्या रेघांची जाळी पसरते आणि डोळ्यांच्या पातळीवरचा मेंदू दिसेनासा होतो. रक्तस्राव शोधायला काढलेल्या सीटीत नेमका तोच भाग झाकला गेला तर स्कॅन पुन्हा करावा लागेल, म्हणजे डोस दुप्पट.

८. काही ठिकाणी डोळ्यांवर बिस्मथची पट्टी ठेवतात असं वाचलं. ती मागावी का?

बिस्मथ मिसळलेली रबरासारखी पातळ पट्टी पापण्यांवर ठेवतात. पुढून येणारे काही किरण ती शोषते, बाकीचे जाऊ देते. भिंगाचा डोस साधारण तीस ते पन्नास टक्क्यांनी कमी होतो, हे खरं आहे. एके काळी ती बरीच वापरात होती.

अडचणी तीन. पट्टीखालच्या भागात चित्र खडबडीत होतं आणि घनतेचे आकडे चुकतात. मागून आलेले किरण भिंगातून जाऊन मग पट्टीत अडकतात, म्हणजे रुग्णाला डोस लागतो पण चित्राच्या कामी येत नाही. आणि पट्टी सुरुवातीच्या आखणीच्या चित्राआधीच ठेवली, तर मशीनची स्वयंचलित यंत्रणा "इथे काहीतरी जाड आहे" असं समजून डोस वाढवू शकते. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१२मध्येच सांगितलं की तेवढीच बचत दुसऱ्या मार्गांनी, चित्र न बिघडवता करता येते आणि त्या मार्गांचा आधी विचार व्हावा.

म्हणून स्वतःहून पट्टी मागू नका. एखाद्या केंद्रात ती वापरत असतील, पट्टी आणि त्वचेत थोडं अंतर राखत असतील आणि डोळ्यांचा भाग तपासायचा नसेल, तर घाबरायचंही कारण नाही. हट्ट धरायचाच तर पुढच्या उत्तरातल्या गोष्टींचा धरा.

९. मग डोळे वाचवायला प्रत्यक्षात काय करतात?

सर्वांत मोठा फायदा होतो तो डोळे झोतातून बाहेर काढल्याने, आणि त्याला काहीही विकत घ्यावं लागत नाही. मेंदूचा तळ आणि डोळ्यांच्या खोबण्या जवळपास एकाच उंचीवर असतात. डोकं सरळ ठेवून सरळ काप घेतले तर डोळे आपोआप झोतात येतात. पण कापांची पातळी भुवयांच्या वरच्या कडेपासून डोक्याच्या मागच्या तळाकडे उतरती ठेवली, तर मेंदू जवळजवळ पूर्ण येतो आणि डोळे खाली सुटतात. त्यासाठी सीटीचं कडं, म्हणजे गॅन्ट्री, कलवतात. मशीन कलत नसेल तर रुग्णाची हनुवटी छातीकडे टेकवून डोक्याखाली योग्य आधार देतात. हे नीट जमलं तर भिंगाचा डोस साधारण तीन-चतुर्थांशाने किंवा त्याहून जास्त उतरतो. कोणतीही पट्टी याच्या जवळपास जात नाही.

दुसरी गोष्ट, स्कॅन कुठून कुठपर्यंत घ्यायचा. वर्तुळाकार सरकत जाणाऱ्या सीटीत मशीन दोन्ही टोकांना थोडं जास्तीचं फिरतं, चित्र पूर्ण व्हायला ते लागतंच. म्हणजे आखलेल्या रेषेच्या जरा पलीकडेही किरण जातात. डोळे रेषेला अगदी चिकटून सोडले तर ते त्या जास्तीच्या फेरीत सापडतात. अनुभवी तंत्रज्ञ हे जाणून रेषा आखतो. "असू दे थोडं जास्त" म्हणून हनुवटीपर्यंत स्कॅन ओढायची सवय मात्र बऱ्याच ठिकाणी दिसते आणि ती सुटायला हवी.

डोळे झोतात घ्यावेच लागले तर मशीनची मदत असते. नळी चेहऱ्यासमोरून जाताना विद्युतप्रवाह कमी करायची सोय अनेक नव्या मशीनमध्ये आहे. त्याने भिंगाची साधारण पाव ते एक-तृतीयांश बचत होते. काही कंपन्यांच्या मशीनमध्ये ही घट भरून काढायला मागच्या बाजूने प्रवाह वाढवतात, काहींमध्ये नाही. त्याशिवाय कमी डोसच्या खडबडीत चित्रातून स्वच्छ चित्र उभं करणारी गणिती पद्धत आता सर्रास वापरतात. ती आहे म्हणून मूळ डोस उतरवला जातो की नाही, हे मात्र त्या केंद्राने प्रोटोकॉल, म्हणजे प्रत्येक तपासणीसाठी मशीनवर ठरवून ठेवलेली सेटिंग, नीट बसवले आहेत का यावर ठरतं. मशीन नवं आणि डोस जुनाच, असंही होतं.

१०. माझ्या सीटीत गॅन्ट्री कलली नाही, हनुवटीही टेकवली नाही. हलगर्जीपणा झाला का?

लगेच तसं म्हणू नका. मानेला मार असण्याची शंका असेल तर हनुवटी हलवणं धोक्याचं असतं. चेहऱ्याचं किंवा खोबणीचं हाड मोडलं असेल, डोळ्यामागे सूज असेल, सायनस पाहायचे असतील तर डोळे झोतात येणारच. रक्तवाहिन्यांच्या सीटी अँजिओग्राफीत मानेपासून माथ्यापर्यंत सलग चित्र लागतं. काही मशीनचं कडं मुळातच कलत नाही. अर्धांगाच्या झटक्यात मिनिटा-मिनिटाला मोल असतं, तिथे डोकं जुळवत बसत नाहीत आणि बसूही नये.

साधा, ठरवून केलेला डोकेदुखीचा सीटी आणि डोळे पूर्ण झोतात, असं दिसलं तर विचारायला हरकत नाही.

११. सायनसच्या सीटीत तर डोळे मधोमध येतात. तो टाळावा का?

डोळे झोतात येतात, पण डोस खूप कमी ठेवता येतो. सायनसमध्ये हाड आणि हवा यांतला फरक इतका ठळक असतो की चित्र खडबडीत असलं तरी वाचता येतं. नीट बसवलेल्या प्रोटोकॉलमध्ये डोस मेंदूच्या सीटीच्या पाचव्या हिश्शात किंवा त्याहूनही कमी असतो. काळजी करायची ती सायनससाठी मेंदूचाच प्रोटोकॉल चालवला तर. साध्या सर्दी-सायनसला पहिल्याच आठवड्यात सीटी सांगितला असेल तर "आत्ताच हवा का?" हा प्रश्न त्याआधीचा.

१२. दातांचे एक्स-रे आणि ओपीजी?

दाताचा छोटा एक्स-रे असो की पूर्ण जबड्याचा ओपीजी, डोळ्यांना मिळतो तो डोस मायक्रोग्रेमध्ये मोजतात, म्हणजे मिलिग्रेचा अंश. कोन-बीम सीटीत तो जास्त असतो आणि चित्राचा घेर केवढा ठेवला यावर बदलतो. एका इम्प्लांटसाठी संपूर्ण चेहरा धरायची गरज नसते, तेव्हा घेर लहान ठेवायला सांगता येतं. वरच्या जबड्याच्या स्कॅनमध्ये हे जास्त महत्त्वाचं.

१३. छातीचा किंवा पोटाचा सीटी असेल तर डोळे झाकावेत का?

नाही. तिथून डोळ्यांपर्यंत पोहोचतं ते फार थोडं, आणि त्यातलंही बरंचसं शरीराच्या आतूनच विखुरत येतं. बाहेरून झाकून ते अडत नाही.

१४. कवटीच्या एक्स-रेला मला पालथं झोपवलं. का?

डोळ्यांसाठीच. किरण ज्या बाजूने शरीरात शिरतात तिथे डोस सर्वांत जास्त असतो आणि आत जाताना तो उतरत जातो. मागून पुढे किरण सोडले तर डोळ्यांपर्यंत पोहोचेतो डोकं त्यांतले बहुतेक शोषून घेतं. समोरून घेतलेल्या एक्स-रेपेक्षा भिंगाचा डोस कित्येक पटींनी कमी होतो. पालथं झोपणं त्रासाचं वाटलं तरी शक्य असेल तर तसंच करा.

१५. माझ्या मुलाला डोक्यावर पडल्यामुळे सीटी सांगितला आहे. करू की नको?

मुलांचं भिंग जास्त संवेदनशील मानलं जातं आणि परिणाम दिसायला पुढे सगळं आयुष्य असतं, म्हणून मुलांच्या बाबतीत सावधगिरी जास्त. पण डोळ्यांच्या भीतीने गरजेचा सीटी टाळणं हा त्याहून मोठा धोका आहे. बेशुद्ध पडणं, वारंवार उलट्या, झोपाळलेपण वाढत जाणं, कवटी मोडल्याची शंका यांपैकी काही असेल तर लगेच करा. मूल हसतंखेळतं असेल आणि डॉक्टर काही तास नजरेखाली ठेवू म्हणत असतील तर तोही योग्य उपचार आहे, टाळाटाळ नव्हे.

करायचाच तर दोन गोष्टी पाहा. मशीनवर मुलाच्या वयाचा प्रोटोकॉल लावला आहे ना, आणि मूल हलू नये याची तयारी आहे ना. हललेला स्कॅन पुन्हा घ्यावा लागतो.

मेंदूत शंट असलेल्या मुलांसाठी अनेक रुग्णालयांत काही मिनिटांत, भूल न देता होणारा छोटा एमआरआय करतात. त्याने वारंवारचे सीटी वाचतात. चुंबकाने जुळवायचा व्हॉल्व्ह असेल तर एमआरआयनंतर त्याचं सेटिंग तपासून घ्यावं लागतं, हे विसरू नका.

१६. घरात रेटिनोब्लास्टोमाचा (लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्याच्या कॅन्सरचा) इतिहास आहे. वेगळी काळजी हवी का?

हो, आणि हा अपवाद तुम्हीच आठवणीने सांगायला हवा. या कॅन्सरच्या आनुवंशिक प्रकारात आरबी१ या जनुकातला दोष शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतो आणि रेडिएशनने पुढे दुसरा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. इथे प्रश्न मोतीबिंदूचा राहत नाही. अशा मुलांत डोळ्यांची आणि डोक्याची तपासणी शक्य तिथे एमआरआय आणि सोनोग्राफीने करतात, सीटी टाळतात.

१७. मेंदूच्या रक्तवाहिनीचा फुगा कॉइलने (आत सोडलेल्या बारीक तारेच्या गुंडाळीने) बंद करायचा आहे. त्यातही सीटीएवढाच डोस?

नाही. इथे डोस खरोखर मोठा होऊ शकतो. अँजिओग्राफीच्या टेबलावर दोन नळ्या असतात, एक मागून-पुढे आणि एक बाजूने, आणि काम तासन्‌तास चालू शकतं. गुंतागुंतीच्या केसेसमध्ये भिंगाचा डोस शेकडो मिलिग्रेपर्यंत, कधी ५००च्याही पुढे जातो. बाजूची नळी ज्या कानाकडे असते त्या बाजूच्या डोळ्याला जास्त मिळतं.

डॉक्टर काय करतात : पुढची-मागची नळी डोक्याच्या मागे ठेवतात, झोत दोन्ही बाजूंनी आवळून डोळ्यांपासून दूर ठेवतात, बाजूचा कोन थोडा बदलतात, प्रतिमांचा वेग कमी ठेवतात. फुगा फुटला तर जीव जातो आणि मोतीबिंदू ऑपरेशनने निघतो, त्यामुळे तराजू कुणीकडे झुकतो हे उघड आहे. पण प्रक्रियेनंतर मिळालेल्या डोसचा आकडा कागदावर मागून घ्या आणि पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

१८. सीटी परफ्युजनमध्ये केस गळाल्याच्या बातम्या वाचल्या होत्या. ते काय प्रकरण होतं?

परफ्युजनमध्ये मेंदूच्या त्याच भागाचे लागोपाठ अनेक काप घेऊन रक्तप्रवाह मोजतात. डोस त्याच ठिकाणी साठतो. २००९मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, इशारा दिला की लॉस एंजेलिसच्या एका रुग्णालयात मशीनची सेटिंग चुकल्याने २००हून अधिक रुग्णांना अपेक्षित डोसच्या सुमारे आठपट, ३ ते ४ ग्रे डोस गेला. काहींचे केस गळाले तेव्हा ते उघडकीला आलं. त्यानंतर ठरलेल्या डोसपलीकडे जाताना इशारा देणारी सोय मशीनमध्ये आली. परफ्युजनचा पट्टा डोळ्यांच्या वर आखणं, हा इथला साधा आणि पक्का उपाय आहे.

१९. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे. आता काळजी आहे का?

त्या डोळ्यापुरती ही काळजी संपली. कृत्रिम भिंगाला जिवंत पेशी नसतात, त्याला मोतीबिंदू होत नाही. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी-वर्षांनी मागचं आवरण धूसर होतं, ते आवरणात उरलेल्या पेशींमुळे. सीटीला त्याचा दोष देऊ नका. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर दुसऱ्याला वरचं सगळं लागू.

२०. मधुमेह आहे आणि स्टेरॉइडही चालू आहेत. माझ्या डोळ्यांना स्कॅनचा धोका जास्त का?

मधुमेह आणि दीर्घकाळचे स्टेरॉइड या दोन्हींनी मोतीबिंदू लवकर येतो. स्टेरॉइडचा तर रेडिएशनसारखाच भिंगाच्या मागच्या बाजूला येतो, त्यामुळे नंतर "हा कशाने झाला?" हे पाहून सांगणं अवघड होतं. एक-दोन स्कॅनने तुमच्या बाबतीत पडणारी भर या कारणांपुढे नगण्य आहे. साखर आटोक्यात ठेवलीत तर कोणत्याही संरक्षक पट्टीपेक्षा जास्त भिंग वाचेल.

२१. एमआरआयला रेडिएशन नाही, मग त्याआधी माझ्या डोळ्यांचा एक्स-रे का काढला?

तुम्ही फॉर्मवर वेल्डिंग, लेथ किंवा ग्राइंडिंगचं काम लिहिलं असणार, किंवा डोळ्यात कधीतरी धातूचा कण गेल्याचं. डोळ्यात लोखंडाचा बारीक कण राहिला असेल तर एमआरआयचं चुंबक तो हलवू शकतं आणि आत रक्तस्राव होऊ शकतो. धातूच्या पत्र्यांचं काम करणाऱ्या एकाची एका डोळ्याची दृष्टी अशी गेल्याची नोंद १९८६मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हापासून ही चौकशी सगळीकडे होते. इथे एक्स-रेचा थोडा डोस देऊनच डोळा वाचवला जातो. नजर वर आणि मग खाली करून दोनदा काढला असेल तर तो कण डोळ्याबरोबर हलतो का, हे पाहायला. कण डॉक्टरांनी काढला होता, एवढं सांगून भागत नाही. पूर्ण निघाला का, ते महत्त्वाचं.

२२. काजळ, मस्कारा, रंगीत लेन्स लावून एमआरआयला जाऊ का?

नको. काही सौंदर्यप्रसाधनांत आणि रंगीत लेन्समध्ये लोहाचे ऑक्साइड असतात. त्याने पापण्यांना जळजळ होऊ शकते आणि डोळ्यांजवळचं चित्र वाकडं होतं. चुंबकाने चिकटणाऱ्या कृत्रिम पापण्या तर खोलीत नेऊच नयेत. सीटीला यातलं काहीही चालतं, धातूची फ्रेम असलेला चष्मा तेवढा काढा.

२३. डोळ्याच्या सोनोग्राफीने उष्णता वाढते का?

रेडिएशन नाही, पण ध्वनिलहरींचीही मर्यादा असते आणि डोळ्यासाठी ती सर्वांत कडक आहे. अमेरिकेत एफडीएच्या नियमानुसार मेकॅनिकल इंडेक्स (लहरींच्या दाबाने होणाऱ्या परिणामाचा आकडा) डोळ्यासाठी ०.२३, इतर अवयवांसाठी १.९ पर्यंत चालतो. मशीनवर डोळ्यांचं खास सेटिंग असतं. पोटाच्या सेटिंगवर डोळा तपासू नये, इतकंच.

२४. रिपोर्टवर सीटीडीआय आणि डीएलपी लिहिलंय. हाच डोळ्यांचा डोस का?

सीटीडीआय हा ठरावीक मापाच्या प्लॅस्टिकच्या गोल ठोकळ्यावर मोजलेला आकडा असतो, तुमच्या डोळ्यावर नाही. डोळे पूर्ण झोतात असतील तर डोक्याच्या सीटीतला भिंगाचा डोस ढोबळपणे त्याच्या आसपास येतो. डोळे बाहेर असतील तर हा आकडा भिंगाबद्दल काहीच सांगत नाही. डीएलपी म्हणजे तोच आकडा स्कॅनच्या लांबीने गुणलेला, तो सगळ्या शरीराच्या अंदाजाला उपयोगी. डोळे आत होते की नाही हे कळायला आकडे नकोत, सीडीतलं पहिलं आखणीचं चित्र पुरतं. त्यावर कापांच्या रेषा दिसतात.

२५. मुलाला धरायला मला आत थांबवलं तर माझे डोळे?

शिशाचा एप्रन घाला, मुलाच्या डोक्याजवळ वाकू नका, कड्यापासून जमेल तितकं मागे किंवा बाजूला उभे राहा. एका वेळचा विखुरलेला डोस अगदी थोडा असतो. गर्भवती असाल तर दुसऱ्या कुणाला तरी थांबू द्या.

२६. किरणोपचारात तर डोळ्यावर शिसं ठेवतात, मग स्कॅनमध्ये का नाही?

कारण तिथला झोत आणि हेतू दोन्ही वेगळे. पापणीच्या त्वचेच्या कॅन्सरला उपचार देताना भूल देणारे थेंब घालून पापणीखाली शिशाची किंवा टंगस्टनची वाटी बसवतात. तिथे किरण एकाच बाजूने येतात, डोस ग्रेमध्ये असतो आणि आरपार चित्र काढायचं नसतं. स्कॅनमध्ये या तिन्ही गोष्टी उलट आहेत (प्रश्न ७).

२७. सीटी झाल्यापासून डोळे चुरचुरतात आणि धूसर दिसतंय. रेडिएशनमुळेच ना?

नाही. तपासणीच्या डोसने त्याच दिवशी किंवा त्याच आठवड्यात डोळ्यांना काही होत नाही. शिरेतून कॉन्ट्रास्ट दिलं असेल आणि पापण्या सुजल्या, खाज आली, अंगावर गांधी उठल्या तर ती औषधाची ॲलर्जी असू शकते, केंद्रात लगेच कळवा. श्वासाला त्रास असेल तर थेट रुग्णालयात जा. आणि नजर अचानक गेली, एका बाजूचं दिसेनासं झालं किंवा दोन-दोन दिसू लागलं, तर ज्या आजारासाठी सीटी सांगितला होता तोच वाढला असण्याची शक्यता जास्त. तेव्हा रेडिएशनबद्दल वाचत बसू नका, डॉक्टरांना फोन करा.